ड्रोनने पार्सल सुरक्षित कसं पोहोचवायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमचे नाहीत. नव्याने प्रमाणपत्र मिळालेले पायलट, दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, आशाताई, कुरिअरवाले, एखादे सरपंच अशी माणसं पुन:पुन्हा हेच विचारतात, म्हणून एका ठिकाणी आणले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर, असा साधारण क्रम आहे. नियम भारतातले आहेत आणि उदाहरणं बरीचशी महाराष्ट्रातली. पुन्हा तेच सांगावं लागू नये म्हणून कंसात संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तिथे जाऊन वाचा.

१. ड्रोनने सामान पोहोचवणं आपल्याकडे खरंच सुरू आहे का, की नुसत्या बातम्याच?

सुरू आहे, पण घरोघरी नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपूरमध्ये विष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर कोविडची लस ड्रोनने गेली. रस्त्याने २६ किलोमीटर पडतात, हवेतून १५. वेळ लागला १२ ते १५ मिनिटं. त्याच सुमारास तेलंगणात विकाराबादला औषधं पोहोचवण्याचे प्रयोग झाले आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ३०० लसी गेल्या. रस्त्याचा पाऊण तासाचा प्रवास नऊ-दहा मिनिटांवर आला. मे २०२२ मध्ये टपाल खात्याने कच्छमध्ये हबाय ते नेर हे ४६ किलोमीटरचं अंतर २५ मिनिटांत कापलं, आणि २०२५ मध्ये कर्जतहून माथेरानला टपालाची पिशवी चढवून पाहिली. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यात वाट घाटाची. हवाई टपालासाठी याहून योग्य गाव शोधून सापडणार नाही.

आफ्रिकेत रुआंडामध्ये २०१६ पासून रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या रोजच्या रोज ड्रोनने जातात. तिथे तो प्रयोग राहिलेला नाही, ती रुग्णालयांची नेहमीची व्यवस्था झाली आहे. आपल्याला तिथवर पोहोचायचं आहे.

२. माझ्याकडे लग्नाचं शूटिंग करायचा ड्रोन आहे. त्याला पिशवी बांधून पाठवली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. कॅमेऱ्याचा ड्रोन स्वतःचं वजन आणि कॅमेरा एवढ्याच हिशेबाने बनवलेला असतो. खाली पिशवी लटकली की गुरुत्वमध्य सरकतो, पिशवी लंबकासारखी झुलते आणि तिला सावरता सावरता मोटारी तापतात. खालचे सेन्सर पिशवीने झाकले गेले, तर जमीन किती खाली आहे हे ड्रोनला कळत नाही. काही ड्रोन त्या पिशवीलाच जमीन समजतात आणि उतरायचा प्रयत्न करतात.

कायद्याच्या बाजूनेही हे बसत नाही, कारण टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोनच्या मॉडेलला मिळणारं मान्यतापत्र, त्या मॉडेलच्या ठरलेल्या रचनेला आणि वजनाला मिळालेलं असतं. गमतीखातर मित्राच्या गच्चीवर चॉकलेट पाठवणारेही आम्हाला हे विचारतात. त्यांनाही उत्तर हेच. चुकून सुटलेला डबा खाली कोणाच्या डोक्यावर पडेल, हे आधी सांगता येत नाही.

३. कोणकोणती कागदपत्रं लागतात?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चार गोष्टी बघा. ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट, नोंदणी होऊन मिळालेला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर म्हणजे यूआयएन, पायलटचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा.

वजनाचे वर्ग असे: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम, त्याहून जड ते लार्ज. हे वजन सामानासकट धरायचं. इथेच अनेकांची चूक होते. रिकामा ड्रोन मायक्रोत बसतो म्हणून निश्चिंत राहतात आणि सामान घातल्यावर तो स्मॉलमध्ये गेलेला असतो.

पायलटचं वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी, आणि प्रशिक्षण डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतूनच. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्ट लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालतो. खेड्यातल्या मुलामुलींसाठी हा मोठा दिलासा आहे. २ किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला प्रमाणपत्र लागत नाही ही सवलत खरी, पण पैसे घेऊन पार्सल नेणं हौसेत मोडत नाही. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

४. माझ्या गावावर उडवायला परवानगी लागते का? रेड, यलो, ग्रीन हा काय प्रकार आहे?

डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर सगळ्या देशाचा रंगीत नकाशा आहे. ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. यलोमध्ये हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची लागते आणि रेडमध्ये थेट केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच ग्रीन धरतात. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो.

नकाशा प्रत्येक उड्डाणाआधी बघायचा. काल बघितला होता, हे उत्तर चालत नाही. मंत्र्यांचा दौरा, यात्रा, बंदोबस्त अशा कारणांनी काही तासांसाठी तात्पुरता रेड झोन जाहीर होतो, आणि मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तांचे बंदीचे आदेश वेगळे निघतात. अभयारण्यावरून जायचं असेल तर वनखात्याला विचारा. नकाशा हिरवा दिसला तरी खाली घरटी असतात.

हिरव्या रंगाने मिळते ती फक्त उंचीची मुभा. नजरेआड जायची परवानगी त्यात येत नाही (प्रश्न ६).

५. १२० मीटर कुठून मोजायचे? आमचं आरोग्य केंद्र घाटमाथ्यावर आहे.

ड्रोन ज्या क्षणी ज्या जागेवर असेल, तिथल्या जमिनीपासून. सह्याद्रीत काम करणाऱ्याने हे पक्कं समजून घ्यावं.

तुमच्या स्क्रीनवर दिसणारी उंची बहुतेक वेळा टेकऑफच्या जागेपासूनची असते. पायथ्याचं गाव समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आणि माथा ८०० मीटरच्या आसपास, असं माथेरानसारखं उदाहरण घ्या. पायथ्यावरून निघालेल्या ड्रोनला माथ्यावर पोहोचताना स्क्रीनवर साडेसातशे-आठशे मीटर दाखवावे लागतील, आणि तरीही तो तिथल्या जमिनीपासून १२० मीटरच्या आत असला पाहिजे. सपाटीवर सवय झालेला पायलट स्क्रीनवर १०० मीटर ठेवून निघाला, तर समोर कडा येईल.

उलट दिशाही तितकीच फसवी आहे. माथ्यावरून ५० मीटर उंचीवर निघून सरळ पुढे गेलात की कड्याच्या पलीकडे तुम्ही एकदम जमिनीपासून सातशे-आठशे मीटर वर असता. त्या उंचीवरून हेलिकॉप्टरं जातात.

म्हणून घाटातला मार्ग भूरूपाच्या उंचीच्या नकाशावर बिंदू-बिंदूने आखा, कड्याजवळ बिंदू दाट ठेवा आणि तो मार्ग पहिल्यांदा रिकाम्या ड्रोनने पार करा. झाडांची उंची त्यात धरलेली नसते, ती स्वतः मिळवा. माथ्यावर हवा थोडी विरळ असते, त्यामुळे तेवढंच वजन उचलायला बॅटरी जास्त लागते, हेही हिशेबात घ्या.

६. ड्रोन नजरेआड नेता येतो का?

सर्वसाधारण उड्डाणात ड्रोन पायलटच्या नजरेच्या टप्प्यात असायला हवा. वर सांगितलेले लांब पल्ल्याचे प्रयोग प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र परवानगी काढून झाले आहेत. माझा ड्रोन १० किलोमीटर जातो, म्हणून मी नेतो, असं करता येत नाही.

नजरेच्या टप्प्यात म्हणजे साध्या डोळ्यांनी, तोंड कुठल्या दिशेला आहे हे ओळखू येईल इतकं. आकाशात ठिपका दिसतो, एवढ्याने भागत नाही. वाटेत मदतनीस उभे करून वॉकीटॉकीवर बोलत राहिल्याने सुरक्षितता नक्की वाढते, पण त्याने परवानगीची गरज संपत नाही.

७. किती वजन, किती लांब? कंपनी म्हणते १२ किलोमीटर, आम्हाला सात मिळतात.

कंपनीचा आकडा शांत हवेतला, नव्या बॅटरीचा आणि बरेचदा रिकाम्या ड्रोनचा असतो. तुमचे सात हे खरे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

बहुपंखी ड्रोन तरंगत ठेवायला लागणारी शक्ती वजनापेक्षा वेगाने वाढते. वजन १० टक्के वाढलं तर शक्ती साधारण १५ टक्के जास्त लागते. दीड किलोचं पार्सल आणखी अर्धा किलो वाढवताना "जरासं तर आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वाऱ्याचा हिशेब तर भल्याभल्यांना चकवतो. जाताना वारा समोरून असला तरी येताना पाठीशी असेल, म्हणजे फिटंफाट, असं वाटतं. करून बघा. ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १५ मीटर, अंतर एका बाजूने ६ किलोमीटर. वारा नसेल तर जाऊन-येऊन ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटं. आता सेकंदाला ८ मीटरचा वारा धरा. जाताना जमिनीवरचा वेग उरतो ७, म्हणून ८५७ सेकंद. येताना वेग २३, म्हणून २६१. एकूण १,११८ सेकंद, म्हणजे साडेअठरा मिनिटांहून जास्त. फिटंफाट कुठेच झाली नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण वेळही जास्त काढतो.

आमचा नियम साधा आहे. परत येऊन पंखे थांबले तेव्हा बॅटरीत ३० टक्के उरलेले हवेत. जिथे उतरून बॅटरी बदलण्याची सोय आहे, तिथे एकाच बाजूचा हिशेब धरता येतो, पण पलीकडे उतरताच आलं नाही तर परत यायचं कसं, याचं उत्तर आधी ठरलेलं असलं पाहिजे.

८. बॅटरी फुगली आहे, पण चालते. वापरू का?

नाही. आजच बाजूला काढा. लिथियम बॅटरी फुगते म्हणजे आत वायू धरलेला असतो, आणि ती हवेत असताना दगा देऊ शकते.

बाकी निगा अशी: लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. उड्डाणात तो साडेतीनच्या खाली जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांहून जास्त ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवा, कारण पूर्ण भरलेली बॅटरी कपाटात पडून लवकर मरते. चार्जिंग माणसाच्या नजरेसमोर, फरशीवर, पडद्यांपासून दूर, वाळूची बादली जवळ ठेवून. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की त्या सावलीत, थर्माकोलच्या डब्यात ठेवा. प्रत्येक बॅटरीवर क्रमांक घाला आणि वहीत तिच्या फेऱ्या लिहा. ही वही पुढे विमा आणि चौकशीतही कामाला येते (प्रश्न १८).

९. पार्सल कसं बांधायचं?

ड्रोनच्या पोटाशी, मधोमध, हलणार नाही असं. बांधून झाल्यावर ड्रोन दोन्ही हातांनी उचलून हलवून बघा. आतून खुळखुळ आवाज आला तर पुन्हा बांधा. पातळ पदार्थ असेल तर बाटली पूर्ण भरलेली बरी, अर्धी भरलेली हिंदकळते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची कानं, लोंबणारी दोरी, सुटलेला टेप पंख्यात जातो. वजन डोळ्यांनी ठरवू नका, काट्यावर करा आणि डब्यावर लिहा. डब्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोन मोठ्या अक्षरांत हवा, म्हणजे भलतीकडे उतरलं तरी ज्याला सापडेल तो फोन करील.

१०. लस, रक्त, तपासणीचे नमुने नेताना वेगळं काय?

तापमान. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत, लाल रक्तपेशींच्या पिशव्या २ ते ६ अंशांत, आणि प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांत. प्लेटलेट्स बर्फासोबत ठेवल्या तर त्या वाया जातात. गोठलेला आइसपॅक थेट लसीला चिकटवू नका, काही लसी गोठल्या की निकामी होतात. डब्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवा आणि घेणाऱ्याला सही करण्याआधी ते वाचायला सांगा.

रुग्णाचे नमुने तीन थरांत जातात: गळणार नाही अशी नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि दुसरं बंद पाकीट, मग बाहेरचा कडक डबा. ड्रोन पडला तरी रस्त्यावर काही सांडू नये, हा त्याचा हेतू.

सर्पदंशावरचं प्रतिविष भुकटीच्या रूपात मिळतं. द्रव औषधापेक्षा ते उष्णता बरं सोसतं आणि वजनालाही हलकं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारं हे औषध, आणि पावसाळ्यात तुटलेल्या रस्त्यापलीकडचं उपकेंद्र. ड्रोन खऱ्या अर्थाने कुठे उपयोगी पडेल असं कोणी विचारलं, तर आम्ही सर्वांत आधी हेच नाव घेतो.

११. काय अजिबात पाठवू नये?

स्फोटकं, फटाके, शस्त्रं, पेट्रोल, रॉकेल, गॅसची डबी, आम्लं. घातक मालासाठी २००३ चे वेगळे हवाई नियम आहेत आणि ड्रोनलाही ते लागू होतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक त्यातच येतात, हे अनेकांना माहीत नसतं. सॅनिटायझर आणि स्पिरिटही ज्वालाग्राही आहे. औषधांच्या खोक्यात ते सहज जातं, म्हणून यादी स्वतः तपासा. बंद पार्सल आतलं न सांगता कोणी दिलं, तर घेऊ नका, मग तो ओळखीचा का असेना.

१२. पावसाळ्यात आणि वाऱ्यात उडवता येतं का?

हलक्या सरीत चालेल असं कंपनी म्हणत असेल, तर तिच्याकडून ते लेखी घ्या. खरा प्रश्न पावसापेक्षा वाऱ्याचा आणि ढगांचा आहे. नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला लोक जातात. कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो. जो वारा पाण्याला वर फेकतो, तो चार किलोच्या ड्रोनचं काय करील, हे तिथे उभं राहून एकदा बघावं. कड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला हवा वर उसळते आणि पलीकडच्या बाजूला खाली आदळते. ही खाली आदळणारी हवा जास्त घातक. कड्याच्या ओठाशी रेंगाळू नका, उंची आधीच मिळवून पार व्हा.

कोकणात दुपारी खारे वारे जोर धरतात आणि रात्री-पहाटे मतलई वारे उलट वाहतात. शाळेत शिकलेलं हे इथे कामाला येतं. सकाळची पहिली फेरी बहुतेक वेळा सर्वांत शांत मिळते. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसाआधी मात्र पाच मिनिटांत वारा फिरतो. आभाळ भरून आलं, मातीचा वास आला, की ड्रोन खाली हवा. वीज चमकली तर चर्चा नको.

धुकं किंवा ढग मार्गावर असेल तर थांबा. ढगात शिरलेला ड्रोन कोणालाच दिसत नाही, पायलटलाही नाही आणि हेलिकॉप्टरलाही नाही.

१३. ड्रोन उतरवावा, दोरीने सामान सोडावं, की पॅराशूटने?

तिन्ही पद्धती चालतात, जागा बघून ठरवा. उतरवणं सर्वांत साधं, पण फिरते पंखे माणसांच्या उंचीवर येतात. दोरीने सोडताना ड्रोन १५-२० मीटरवर राहतो, म्हणून माणसं सुरक्षित. पण दोरी अडकली तर? झाडात किंवा अँटेनात अडकलेली दोरी ड्रोनलाच खाली ओढते, म्हणून वरून दोरी सोडून देण्याची सोय असल्याशिवाय ही पद्धत वापरू नका. घेणाऱ्याला बजावून सांगा: दोरी हाताला गुंडाळायची नाही, ओढायची नाही, कशालाही बांधायची नाही. सामान जमिनीला टेकून दोरी सैल झाली की मगच हात लावायचा.

रुआंडातली विमानासारख्या पंखांची ड्रोन थांबतच नाहीत, कागदी पॅराशूटने डबा टाकून परत फिरतात. त्यासाठी मोकळं मैदान आणि वाऱ्याचा चांगला अंदाज लागतो. आपल्या दाट वस्त्यांत ते अवघड आहे.

नुसतं वरून टाकणं ही पद्धतच नाही. ६० मीटरवरून सुटलेली वस्तू साडेतीन सेकंदांत खाली येते, तेव्हा हवेचा विरोध सोडला तर तिचा वेग ताशी १२० किलोमीटर असतो. ड्रोन सेकंदाला १५ मीटरने जात असेल तर ती ५० मीटर पुढे जाऊन पडते. मार्गाच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी ठेवायला सांगतो ते याच हिशेबाने.

१४. ड्रोन आला की सगळं गाव गोळा होतं. काय करू?

हवेत काय होईल याचा विचार सगळे करतात, पण माणसाला इजा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती शेवटच्या दहा मीटरमध्ये. आमच्या मते सुरक्षित पोहोचवणीचं निम्मं काम इथे आहे.

आदल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि पोलीस ठाणं यांना वेळ आणि मार्ग कळवा. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री फिरणाऱ्या ड्रोनच्या अफवांनी गावंच्या गावं जागी राहिली होती. चोर टेहळणी करतात, असा लोकांचा समज झाला होता. अशा गावात न सांगता ड्रोन गेला तर दगड येतील, आणि मी गावकऱ्यांना दोष देणार नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगा, व्हॉट्सॲपवर टाका, शाळेत जाऊन मुलांना ड्रोन हातात घेऊन दाखवा. एकदा जवळून बघितलेली मुलं नंतर धावत येत नाहीत, उलट बाकीच्यांना मागे सारतात.

उतरायची जागा किमान पाच मीटर लांब-रुंद, सपाट, वर तार किंवा फांदी नसलेली. धूळ असेल तर सडा मारा. वाळत घातलेले कपडे, ताडपत्री, पत्रावळी उचला. दहा मीटरवर दोरी बांधा आणि आत एकच माणूस, शक्यतो प्रशिक्षण दिलेली आशाताई किंवा परिचर. पदर, ओढणी खोचलेली, पायात चप्पल-बूट, डोळ्याला चष्मा असेल तर उत्तम. पंखे पूर्ण थांबून पायलटचा फोनवर होकार आल्याशिवाय तिनेही पुढे जायचं नाही. कुत्री आणि कोंबड्या यांचाही बंदोबस्त आधीच करावा लागतो.

दोरीच्या आत कोणी आलं तर पायलटने ड्रोन वर घेऊन थांबायचं. दोन मिनिटांत जागा मोकळी झाली नाही तर परत फिरायचं. त्या दोन मिनिटांची बॅटरी हिशेबात धरलेली असावी.

१५. घारी आणि कावळे अंगावर येतात. उपाय काय?

घरट्यात पिल्लं असतात तेव्हा घारी हद्दीत आलेल्या कशावरही झडप घालतात. पक्षी जवळ दिसला तर एका जागी तरंगत राहू नका, तो भाग सोडून जा. पंखांचा वेग वाढवून पक्ष्याला घाबरवणं क्रूर आहे आणि धोक्याचंही. घरट्याची झाडं, गावाबाहेरची कचऱ्याची जागा, मासळी वाळत घातलेले किनारे नकाशावर खुणा करून टाळा. संक्रांतीच्या आठवड्यात पतंग आणि मांजाही तितकाच वाईट. त्या दिवसांत शहराच्या कडेच्या फेऱ्या आम्ही बंदच ठेवायला सांगतो.

१६. विजेच्या तारा स्क्रीनवर दिसतच नाहीत.

दिसणारच नाहीत, कॅमेऱ्याला बारीक तार आभाळापुढे उमटत नाही. तार शोधू नका, मनोरे आणि खांब शोधा. उच्चदाबाची लाइन ओलांडायची असेल तर मनोऱ्याच्या वरून, पुरेसं अंतर ठेवून ओलांडा, कारण तारा मनोऱ्यापेक्षा वर कधीच नसतात आणि मनोरा दिसतो. दरीवरून ताणलेल्या तारा आणि रोपवे यांची माहिती गावातल्या वायरमनकडून घ्या, नकाशात त्या असतीलच असं नाही.

१७. मध्येच संपर्क तुटला तर? आपोआप परत येतो ना?

येतो, पण तुम्ही आधी सांगून ठेवलेल्या पद्धतीने. आणि इथे तीन सापळे आहेत.

पहिला उंचीचा. बहुतेक ड्रोन ठरलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत घरी, म्हणजे जिथून उडाले त्या जागी, येतात. जाताना तुम्ही डोंगराला वळसा घातला असेल, तर येताना तो डोंगरात शिरेल. घाटात सरळ परत येण्याऐवजी आलेल्या वाटेनेच परत, किंवा वाटेत आधी ठरवलेल्या मोकळ्या जागी उतरणं, असं लावा. दुसरा सापळा घराचा. होडीतून उडवलं आणि होडी पुढे गेली, तर घर म्हणजे पाणी. तिसरा सापळा परतीच्या बॅटरीचा. संपर्क शेवटच्या टप्प्यात तुटला आणि वारा समोरून असेल तर ३० टक्के पुरणार नाहीत (प्रश्न ७).

जीपीएस गेलं तर ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो. हाताने सावरण्याचा सराव दर महिन्याला करा, तोही रिकाम्या ड्रोनने. होकायंत्राचं कॅलिब्रेशन गाडीच्या बॉनेटवर, सळ्यांच्या काँक्रीटवर करू नका. आपला काळा कातळही लोहयुक्त आहे आणि काही ठिकाणी होकायंत्राला फसवतो.

१८. ड्रोन पडला. आता?

आधी माणसं. कोणाला लागलं असेल तर १०८. मग बॅटरी: धूर येत असेल तर लांब उभे राहा, हात लावू नका, वाळू किंवा भरपूर पाणी. मग पार्सल: आत नमुने असतील तर लोकांना दूर ठेवा. फोटो काढा, उड्डाणाची नोंद जपून ठेवा, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. अपघाताची माहिती डीजीसीएला ४८ तासांच्या आत देणं बंधनकारक आहे. कोणाच्या शेतात पडला असेल तर आधी शेतकऱ्याला भेटा, मग आत जा. पिकाचं नुकसान भरून द्या.

चार पंख्यांच्या ड्रोनची एक मोटर बंद पडली तर त्याला सावरणं जवळपास अशक्य असतं. सहा किंवा आठ पंख्यांचा बहुधा उतरू शकतो. माणसांच्या वस्तीजवळून सामान न्यायचं असेल तर हा खर्च वाचवू नका.

१९. समोरून हेलिकॉप्टर आलं तर कोणी बाजूला व्हायचं?

तुम्ही, आणि नेहमी तुम्हीच. आवाज आला की दिसेपर्यंत थांबू नका, खाली या. पूर, आग, शोधमोहीम चालू असलेल्या भागात तुमच्या एका ड्रोनमुळे बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकणार नाही. तिथे मदत करायची असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती नियंत्रण कक्षाकडून काम मागून घ्या.

२०. लोकांच्या घरावरून गेलं तर तक्रार करतात.

करणारच. मार्ग ओढा, शेतं, मोकळं रान यांवरून आखा, शाळा आणि वस्ती टाळा. रेकॉर्डिंग गरजेपुरतंच करा, आणि गावाला सांगा की ते साठवून ठेवत नाही, मग खरोखरच ठेवू नका.

२१. शहरात सोसायटीच्या गच्चीवर जेवण मागवता येईल का?

२०१४ च्या मे महिन्यात मुंबईत एका पिझ्झेरियाने ड्रोनने पिझ्झा पोहोचवला होता. पोलिसांची चौकशी लागली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये डीजीसीएने नागरी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. तेव्हापासून नियम खूप सुधारले, पण मुंबईचा मोठा भाग विमानतळ आणि संरक्षण ठिकाणांमुळे अजूनही रेड आणि यलोच आहे. वीस मिनिटांत दुचाकीवर येणाऱ्या डब्यासाठी एवढा धोका पत्करावा, असं आम्हाला वाटत नाही.

२२. रुग्ण अत्यवस्थ आहे, डॉक्टर औषध मागतायत, आणि हवा वाईट आहे. उडवू का?

हा प्रश्न मध्यरात्री फोनवर येतो, म्हणून उत्तर दिवसाउजेडी ठरवून ठेवा. वाऱ्याची मर्यादा कागदावर लिहिलेली असावी, तिच्यावर डॉक्टरांची आणि पायलटची दोघांची सही असावी, आणि ती ओलांडली तर नाही म्हणायचा अधिकार पायलटचा एकट्याचा असावा. पडलेल्या ड्रोनमधलं औषध कोणालाच मिळत नाही, आणि केंद्रात ती कुपी एकच असेल तर तीही गेली.

यासाठीच आम्ही सांगतो की ड्रोन सोडताना गाडीही सोडा. औषध दोन भागांत करता येत असेल तर अर्धं रस्त्याने, अर्धं हवेतून. हवा आडवी आली तर गाडी निम्म्या वाटेवर असते. ड्रोन पोहोचला तर गाडीला फोन करून परत बोलवा, डिझेलचा खर्च वहीत लिहा आणि त्याबद्दल कोणालाही बोल लावू नका.